परवाना यंत्राला की माणसाला?

काही वर्षांपूर्वी एका कर्करोग रुग्णालयाच्या अनुदानाची फाइल माझ्याकडे आली होती. किरणोपचाराच्या यंत्राची किंमत, आयात शुल्क, काँक्रीटच्या भिंतींची जाडी यांचा तपशील पानोपानी होता. वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाविषयी मात्र एकच ओळ होती : ‘पद यथावकाश भरण्यात येईल.’ त्या ओळीमागचा इतिहास मला पुढे उमगला.

किरणांची मात्रा डॉक्टर ठरवितो. ती नेमकी तेवढीच रुग्णापर्यंत पोहोचते की नाही, याची जबाबदारी भौतिकशास्त्रज्ञाची. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे ५.२७ वर्षे, म्हणजे स्रोताची शक्ती दरमहा साधारण एक टक्क्याने घटते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कोलंबस येथे १९७४ ते १९७६ या काळात या घटीचा हिशेब चुकला. स्रोत प्रत्यक्षाहून दुर्बळ मानला गेला, म्हणून उपचाराचा वेळ वाढविला गेला. सुमारे २२ महिने प्रत्यक्ष मोजमापच झाले नाही. परिणामी ४२६ रुग्णांना जादा मात्रा मिळाली.

किरणांना ना रंग, ना गंध. चूक झाली तरी रुग्णाला त्या क्षणी काहीच कळत नाही. अर्थशास्त्रात ज्याला माहितीची विषमता म्हणतात, तिचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. जिथे ग्राहकाला गुणवत्ता पारखता येत नाही, तिथे ती पारखण्याचे काम राज्यसंस्थेला करावे लागते. टेक्सास राज्याने १९९१ साली कायदा करून या व्यवसायासाठी व्यक्तिगत परवाना आवश्यक केला.

भारताने निराळी वाट निवडली. १९६२ साली अणुऊर्जा कायदा झाला आणि त्याच वर्षी ट्रॉम्बे येथे किरणोत्सर्ग भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. देशातील या व्यवसायाच्या कित्येक पिढ्या तेथूनच घडल्या. १९७१ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम आले, १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आणि २००४ मध्ये नियमांची फेररचना झाली. या साऱ्या व्यवस्थेत परवाना मिळे तो संस्थेला आणि यंत्राला. पात्र व्यक्ती असणे ही त्या परवान्याची अट. सुरक्षा अधिकाऱ्यालाही मान्यता लागे, पण त्याची नेमणूक मालकानेच करावयाची.

या रचनेचा लाभ नाकारता येणार नाही. माणूस नाही तर यंत्र नाही, हा धाक त्यामुळे राहिला. परंतु ज्याच्याकडून वेतन घ्यावयाचे त्याच्याच त्रुटी वर कळवावयाच्या, ही कसरत त्या अधिकाऱ्याच्या वाट्याला आली.

शिवाय नियम कागदावर असणे आणि ते अमलात आणण्याइतके हात असणे, यांत अंतर असतेच. प्रत्येक राज्यात किरणोत्सर्ग सुरक्षा संचालनालय असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले होते. महालेखापरीक्षकांच्या २०१२ च्या अहवालानुसार २८ पैकी २६ राज्यांनी ते स्थापलेले नव्हते आणि देशातील ५७,४४३ वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी केवळ ५,२७० नोंदणीकृत होती. हे आकडे निदानाच्या यंत्रांचे आहेत, किरणोपचाराचे नव्हेत, हे खरे. तथापि नियंत्रणाचा हात कुठवर पोहोचतो, हे त्यांतून दिसते.

२०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचे नाव आले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या कायद्याच्या जागी नवा ‘शांती’ कायदा संमत करून नियामक मंडळाला वैधानिक दर्जा देऊ केला. म्हणजे यंत्राचा परवाना एका कायद्याखाली, माणसाची नोंदणी दुसऱ्याखाली. या दोन खिडक्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या, तर जबाबदारी मधल्या भिंतीत गाडली जाईल, ही प्रशासनातील माझी जुनी भीती आहे.

असो. त्या फाइलवर मी एवढाच शेरा लिहिला होता : ‘आधी माणूस, मग यंत्र.’ अनुदान काही महिने लांबले आणि मला बोलही ऐकावे लागले. तरीही आज ती फाइल पुन्हा आली, तर माझा शेरा तोच राहील.