थांबण्याचे वय

शिकारी कुत्र्याने कामाला केव्हा लागावे, याविषयी प्राचीन ग्रीक लेखक काटेकोर होते. झेनोफोनच्या नावावर असलेल्या ‘किनेगेटिकोस’ या शिकारशास्त्रावरील ग्रंथात मादीला आठव्या महिन्यापासून आणि नराला दहाव्या महिन्यापासून शिकारीस न्यावे, असे स्पष्ट सांगितले आहे. कुत्र्याची नावे हाक मारायला सोपी, आखूड असावीत, इथपर्यंत त्याचा विचार पोचतो. त्याने थांबावे केव्हा, हा प्रश्न मात्र पुढच्यांसाठी उरतो.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अ‍ॅरियनने झेनोफोनचे काम पुढे नेले. वासावर नव्हे तर नजरेवर धावणारे केल्टिक कुत्रे झेनोफोनला ठाऊक नव्हते; अ‍ॅरियनने स्वतः ते पाळले होते. मादीचा वेग पाचव्या वर्षापर्यंत टिकतो, नराचा दहाव्यापर्यंत, असे तो नोंदवतो. पण हे वय वेगाचे झाले. कुत्र्याच्या मनाचे वय कोणते?

या प्रश्नाशी रोमन कथाकार फीड्रस आपल्याला नेऊन भिडवतो. त्याच्या पाचव्या पुस्तकातील एका कथेत म्हातारा कुत्रा रानडुकराचा कान धरतो, पण किडलेल्या दातांतून सावज निसटते. मालक रागावतो. कुत्र्याच्या उत्तराचा आशय असा, की उमेद तीच आहे, दगा दिला तो ताकदीने. या छोट्या कथेत सगळी मेख आहे. दात जातात, सांधे आखडतात, कान मंदावतात. पण सावजाची चाहूल लागताच कुत्रा पूर्वीसारखाच झेपावतो. त्याच्या उत्साहाला त्याची संमती समजणे, ही मालकाची सोयीस्कर समजूत असते. मराठीत आपण ‘निवृत्त होणे’ म्हणतो आणि ‘निवृत्त करणे’ही म्हणतो. कुत्र्याच्या वाट्याला दुसरेच क्रियापद येते. म्हणून निर्णयाचे ओझे माणसावर पडते.

निर्णय घेणारा कोणी नसेल तर काय होते, ते ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात दिसते. रानशेळ्या, हरणे आणि ससे यांच्या मागे धावलेला आर्गोस धनी वीस वर्षे परागंदा असताना उकिरड्यावर पडून आहे. त्याचे काम संपले, पण कोणी ते संपवले नाही. तो केवळ विसरला गेला. वेशांतर केलेल्या ओडिसियसला तो ओळखतो, आणि ओडिसियसला आपले अश्रू लपवावे लागतात.

प्लुटार्कने हा प्रश्न नीतीच्या कक्षेत आणला. म्हातारे गुलाम विकून टाकावेत, या थोरल्या केटोच्या मताचा समाचार घेताना त्याने थकलेल्या घोड्यांचा आणि वृद्ध कुत्र्यांचा दाखला दिला. सज्जन माणूस कुत्र्याला पिल्लूपणी जसा पोसतो, तसा म्हातारपणीही पोसतो, असे त्याचे म्हणणे. जो प्राण्याला जोड्यासारखा झिजवून फेकतो, त्याला माणसाच्या बाबतीतही तीच सवय लागते.

म्हणून कुत्र्याला केव्हा थांबवावे याचे उत्तर वर्षांच्या कोष्टकात पुरते सापडत नाही. त्याची झेप आणि त्याची पकड यांतले अंतर धन्याला दिसू लागले, की ती वेळ आलेली असते. ते अंतर रानडुकराच्या आधी धन्याच्या ध्यानात यावे, एवढीच अपेक्षा. आणि शिकार सुटली तरी घरातली जागा सुटू नये.