वसाहत बंद होते, म्हणजे नेमकं काय होतं?

श्रोतेहो, कुष्ठरोगाच्या इतिहासातला औषधांचा भाग आपल्याला बराचसा ठाऊक असतो. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिल इथे प्रोमिनचा वापर सुरू झाला, मग डॅप्सोन आलं, १९८० नंतर बहुऔषधोपचार आला. रोग बरा होऊ लागला, तेव्हा रुग्णांना दूर डांबून ठेवण्याचं कारण उरलं नाही. पुस्तकं बहुधा इथे थांबतात. आपण इथून सुरुवात करू. कारण गेलं, पण जागा उरली आणि जागेत माणसं उरली. त्यांचं काय झालं?

क्रीटजवळचं स्पिनालोंगा बेट घ्या. व्हेनिसवाल्यांनी बांधलेला जुना सागरी किल्ला. १९०३ मध्ये तिथे रुग्ण ठेवायचं ठरलं, १९५७ मध्ये वसाहत बंद झाली आणि उरलेल्यांना अथेन्सच्या रुग्णालयात हलवलं. सरकारदरबारी प्रश्न मिटला. एक धर्मगुरू मात्र १९६२ पर्यंत मागे राहिला. ऑर्थोडॉक्स परंपरेत मृताचं स्मरण चाळीसाव्या दिवशी, मग वर्षाने, असं पाच वर्षांपर्यंत करतात. आपल्या वर्षश्राद्धासारखंच म्हणा ना. ते संपवून तो निघाला. आज तिथे पर्यटकांच्या होड्या लागतात, आणि व्हिक्टोरिया हिस्लॉप यांच्या २००५ च्या कादंबरीनंतर तर रीघच लागली. बेट नीट राखलंय. पण ‘हे माझं घर होतं’ असं सांगणारं तिथे कुणी राहत नाही. आधी सक्तीने आणायचं, मग सोयीने हलवायचं, याचा दुसरा काय परिणाम होणार?

फिलिपिन्समधल्या कुलियनचं उलट झालं. अमेरिकी अमदानीत, मे १९०६ मध्ये सेबूहून पहिले ३७० रुग्ण बोटीने तिथे उतरवले. पुढे ती जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक झाली. तिची नाणीसुद्धा वेगळी होती, बाहेरच्या माणसाच्या हाती जाऊ नयेत म्हणून! मुलं जन्मली की आईपासून दूर नेत. तरीही लोकांनी तिथे संसार मांडले. १९९२ मध्ये कायदा होऊन कुलियनला नगरपालिका मिळाली. म्हणजे बघा, गाव रिकामं केलं नाही, त्याला इतर गावांसारखं गाव मानलं. रुग्णांच्या नातवंडांनी आपल्याच गावात मतदान केलं. वसाहतीची कागदपत्रं तिथल्या संग्रहालयात आहेत. (आपल्या वडाळ्याच्या ॲकवर्थ रुग्णालयातही असं संग्रहालय आहे. मुंबईकरांनी जरूर जावं.)

आता हवाईतलं कलाउपापा. इथे थोडं थांबायला हवं, कारण इथला गुंता जास्त आहे. मोलोकाई बेटाचा हा द्वीपकल्प, तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला उंच कडा. जानेवारी १८६६ मध्ये पहिले रुग्ण आले, आणि एकंदर सुमारे ८,००० लोक इथे पाठवले गेले. फादर डेमियन यांचं नाव आपण ऐकलेलं असतं. मात्र त्या हजारोंपैकी बहुतेकांच्या थडग्यांवर नावच नाही. सर्वांची नावं असलेलं स्मारक उभारायला २००९ मध्ये कायद्याने मंजुरी मिळाली.

१९६९ मध्ये सक्तीचं विलगीकरण संपलं. दार उघडलं, तरी बरेच जण गेले नाहीत. ‘सवय झाली होती’ असं कुणी म्हणतं, ते आम्हाला अपुरं वाटतं. मित्र, जोडीदार, त्यांच्या कबरी, सगळं तिथेच होतं. बाहेर ‘घर’ म्हणावं असं काय शिल्लक होतं? १९८० मध्ये जागेचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केलं, तेव्हा त्यांना हयातभर राहण्याचा हक्क कायद्यानेच दिला. पाहुण्यांच्या संख्येवरही मर्यादा आली. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, असा नियम होता. ज्यांची स्वतःची मुलं जन्मताच नेली, त्यांच्या गावातला हा नियम.

आणखी एक थर आहे. रुग्ण येण्याआधी त्या जमिनीवर हवाईयन कुटुंबं रताळी पिकवत होती. वसाहतीसाठी त्यांना टप्प्याटप्प्याने उठवलं, शेवटची कुटुंबं १८९५ मध्ये गेली. म्हणजे रुग्णांचा हक्क मान्य केला तरी आधीच्यांचा संपत नाही, आणि त्यांचे वंशज आज तो बोलून दाखवतात. हयातभराचा हक्क मिळालेली माणसं आता अगदी थोडी आहेत. शेवटचा रहिवासी गेल्यावर राज्याचं आरोग्य खातं तिथून निघेल. मग रस्ते, विमानपट्टी, घरं, कबरी कुणी सांभाळायच्या, कडा उतरून किती पर्यटक येऊ द्यायचे, जमीन कुणाकडे जायची, हे सध्या राज्य, उद्यान विभाग आणि वंशज यांच्यात ठरायचं आहे.