ऋतुसमाप्ती आणि परिचारिका

स्त्रीचा ऋतुकाल बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होऊन पन्नाशीला संपतो, अशी नोंद सुश्रुतसंहितेत आहे. तेथे तो रोग नव्हे, वयाने पिकलेल्या देहाचा क्रम आहे. द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८२१ साली या अवस्थेस ‘मेनोपॉज’ म्हटले, आणि पुढे ती औषधाने भरून काढावयाची उणीव ठरली. १९४२ साली अमेरिकेत ‘प्रेमारिन’ गोळी आली, गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेली! १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी तर ग्रंथ लिहून स्त्रियांना चिरतारुण्याची ग्वाही दिली. ययातीचाच मोह तो. २००२ साली एका मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनांचा कर्करोग व पक्षाघात वाढलेला आढळला. मग ज्यांना गोळी हितकर ठरली असती, अशांनीही ती भयाने टाकली.

मधल्या काळात, १९६५ साली, कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी परिचारिकांना तपासणी व उपचार शिकविण्यास आरंभ केला होता. आरंभ बालकांपासून झाला. पुढे ही ‘नर्स प्रॅक्टिशनर’ पन्नाशीच्या स्त्रीसमोरही बसू लागली. अंगाच्या काहिलीबरोबर ती झोपेची, हाडांची, रक्तदाबाची चौकशी करते. घरी आजारी आईची शुश्रूषा कोण करते, तेही विचारते. गोळी द्यावयाची की नाही, हे त्यानंतर ठरते.