तीन मिनिटांत प्रबंध

पदवी हाती असूनही चारचौघांत इंग्रजीतून विषय मांडताना पाय लटपटतात, ही अडचण केवळ आपलीच नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा पाणी वाचवण्यासाठी लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचे घड्याळ लावून अंघोळ उरकीत. त्यावरून तेथील विद्यापीठाचे प्रा. अ‍ॅलन लॉसन यांना एक कल्पना सुचली. २००८ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा सुरू झाली. वर्षानुवर्षांचे संशोधन एकाच स्लाइडच्या आधारे, सामान्य श्रोत्यांना समजेल असे, तीन मिनिटांत सांगायचे! पुढे ती अनेक देशांत पसरली. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, त्यांनाही हा सराव करावा लागतो. तेव्हा पालकहो, घड्याळ समोर ठेवा आणि मुलांना घरीच बोलते करा.