अंग बाहेर येण्याचे ऑपरेशन: रक्तवाहिनीला इजा होण्याचा धोका कुठे असतो?

गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय यांना आधार देणारे स्नायू सैल पडले की ते अवयव योनीमार्गात उतरतात. यालाच ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. बाळंतपणे, वाढते वय, जुना खोकला आणि जड ओझी ही त्याची मुख्य कारणे. अनेक बायका लाजेने हे वर्षानुवर्षे सांगत नाहीत. ऑपरेशनचे नाव काढले की मग भीती वाटते ती रक्तस्रावाची.

धोका कशामुळे?

उतरलेला अवयव वर बांधायला भक्कम जागा लागते. ओटीपोटातल्या अशा काही जागांना रक्तवाहिन्या अगदी खेटून असतात. म्हणून टाका कुठे पडणार, यावर धोका ठरतो.

• पाठीच्या कण्याच्या बाजूला, पोटातून: मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांची पट्टीची शस्त्रक्रिया या प्रकारची. ते मूळ गोव्यातल्या शिरोड्याचे. वेंगुर्ल्याजवळचे शिरोडा वेगळे. यात कंबरेच्या मणक्यांखालच्या त्रिकास्थीच्या वरच्या कडेला पट्टी बांधतात. तिथूनच डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर जाते आणि हाडावरही बारीक शिरा असतात. शिरांची भिंत पातळ असते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात भरलेल्या वायूमुळे त्या चपट्या होतात आणि चटकन दिसत नाहीत.

• पोटाच्या पुढच्या भिंतीला: मुंबईतच रूढ झालेल्या पुरंदरे पद्धतीत पट्टी इथे बांधतात. त्यामुळे त्रिकास्थीजवळच्या शिरांपाशी जावे लागत नाही.

• योनीमार्गातून: टाका बसण्याच्या हाडाच्या आतल्या टोकाजवळच्या बंधाला घेतात. त्या टोकामागून रक्तवाहिनी आणि नस जाते. म्हणून टाका टोकापासून साधारण २ सेंटिमीटर आत घेतात.

मोठ्या रक्तवाहिनीला इजा क्वचितच होते. झाली तर आधी दाब देऊन रक्त थांबवतात, मग गरजेप्रमाणे शीर शिवतात. दुर्बिणीने जमले नाही तर पोट उघडावे लागते.

आधी काय विचाराल?

• टाका कुठे घेणार? अशी किती ऑपरेशने केली आहेत?
• माझे हिमोग्लोबिन पुरेसे आहे का? रक्ताची सोय कुठून होणार?
• गरज पडल्यास पुढे कुठे नेणार: ओरोस, बांबोळी की कोल्हापूर?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पोटाचे आधी ऑपरेशन झाले असेल तर ते डॉक्टरांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

नंतर कशावर लक्ष ठेवाल?

चक्कर, छातीत धडधड, फुगत जाणारे पोट, वाढते दुखणे, कमी लघवी किंवा भरपूर ताजे रक्त दिसले तर सकाळची वाट पाहू नका. लगेच रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

प्रत्येकीला ऑपरेशन लागतेच असे नाही. त्रास कमी असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम किंवा आत बसवायची रिंग यांनीही आराम पडतो. त्यासाठी आधी तपासणी करून घ्यायला हवी.