अ‍ॅव्हरेज किती देते?

नवी गाडी दारात आली, पेढा हातावर पडला, की पहिला प्रश्न ठरलेला : "अ‍ॅव्हरेज किती देते?" सरासरी हा मूळ अर्थ मागे सारून या शब्दाने मराठीत लिटरमागे किलोमीटर असा स्वतंत्र संसार थाटला आहे.

१९८३पूर्वी या प्रश्नाला फारसा अर्थ नव्हता. अँबॅसिडर किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९७३मध्ये पेट्रोल भडकले तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. गाडीवाल्याच्या हाती मात्र गाडी कमी काढणे एवढेच होते. डिसेंबर १९८३मध्ये ७९६ सीसीची मारुती आली आणि कमी पेट्रोलात जाणारी गाडी निवडणे मध्यमवर्गाला शक्य झाले.

पण ग्राहक खरोखर हिशेब करतो का? याची परीक्षा झाली २०१० नंतर. त्या जूनमध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले, डिझेलचे झाले नाहीत. दोन्ही दरांतली दरी वाढत गेली आणि ग्राहक डिझेल गाड्यांवर तुटून पडले.

उदाहरणादाखल आकडे धरू. पेट्रोल ७० रुपये, डिझेल ४५; पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते, डिझेल गाडी २०. किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या आतच बचत. डिझेल गाडी लाखाने महाग असेल, तर ते लाख वसूल व्हायला सुमारे ४७ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणाऱ्याची जवळजवळ आठ वर्षे! ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले. दरांतला फरक दहा रुपयांवर आला असे धरले (६५ आणि ५५), तर हीच मुदत साडेबारा वर्षांपुढे जाते. आणि २०१५मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना रस्ता बंद केला.

ग्राहकाला मूर्ख ठरवण्याची घाई नको. टरेंटाइन आणि कुरानी यांनी कॅलिफोर्नियातल्या ५७ कुटुंबांशी बोलून २००७मध्ये निष्कर्ष मांडला : इंधनखर्चाचा पद्धतशीर हिशेब एकाही घराने केला नव्हता. माझ्या मते कारण साधे आहे. जादा लाख रुपये कर्जाच्या हप्त्यात विरघळतात. पंपावरचा आकडा मात्र दर आठवड्याला टोचतो.

अ‍ॅव्हरेजचा आकडाही फसवा. लिटरला १०ची गाडी १२वर आली, तर हजार किलोमीटरमागे साडेसोळा लिटरांहून अधिक वाचतात. २०ची २५वर गेली, तर दहाच. तरी शोरूममध्ये भाव खाते ती पंचविशी.

एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ निकष आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. आता तशीच गर्दी सीएनजीच्या रांगेत दिसते. तिथे अ‍ॅव्हरेज किलोमागे सांगतात.