कंपवातातील अस्थिआरोग्य : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

कंपवात अर्थात पार्किन्सनचा विकार हा मज्जासंस्थेचा विकार म्हणून परिचित आहे. हातांचा कंप, स्नायूंचा ताठरपणा व मंदावलेली हालचाल ही त्याची प्रमुख लक्षणे होत. परंतु अनेक रुग्णांचे स्वावलंबन एकदा पडल्याने आणि खुब्याचे हाड मोडल्याने संपुष्टात येते. असे असूनही या रुग्णांच्या अस्थींकडे वैद्यकाचे लक्ष उशिरा गेले. हा विलंब का झाला आणि त्यानंतर मिळालेले ज्ञान कितपत विश्वसनीय ठरले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन स्वतंत्र वाटा

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे झुकलेले शरीर, अनावरपणे जलद होणारी पावले आणि तोंडावर पडण्याचा धोका त्यांनी नेमकेपणाने टिपला. म्हणजेच पडणे हे आरंभापासून ज्ञात होते; पडल्यावर मोडणाऱ्या हाडाचा स्वतंत्र विचार मात्र झाला नाही. विसाव्या शतकात डोपामिनच्या कमतरतेचा शोध लागला व १९६० च्या दशकात लेव्होडोपाचा उपचार आला. त्यामुळे संशोधनाचा भर मेंदूवरच राहिला.

अस्थिसंशोधनाची वाट निराळी होती. अमेरिकन वैद्य फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास हाडे ठिसूळ होण्याचा संबंध स्त्रियांच्या रजोनिवृत्तीशी जोडला. हा शोध मोलाचा होता. तथापि ऑस्टिओपोरोसिस हा स्त्रियांचाच विकार होय, हा समज त्यामुळे बळावला. अमेरिकेतील वृद्ध स्त्रियांच्या अस्थिभंगाचा व्यापक अभ्यास १९८६ मध्ये सुरू झाला व त्यात ९,७०४ स्त्रिया होत्या. पुरुषांचा तशाच स्वरूपाचा अभ्यास २००० मध्ये सुरू झाला. त्यात ५,९९५ पुरुष होते.

२००८ चा संगम

या दोन्ही अभ्यासांतील कंपवाताच्या रुग्णांविषयीचे निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपवात असलेल्या स्त्रियांच्या खुब्याची अस्थिघनता इतर स्त्रियांपेक्षा कमी आढळली. पुरुषांमध्ये ती अधिक वेगाने घटत असल्याचे दिसले. हा धोका केवळ स्त्रियांपुरता नाही, हे यातून स्पष्ट झाले. कमी हालचाल, घटलेले वजन व घराबाहेर न पडल्याने होणारी ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. दुर्बल अस्थी आणि वारंवार पडणे यांचा संयोगच घातक ठरतो.

पुराव्याची परीक्षा

निदानाकडून उपचाराकडे वळताना या इतिहासाला वेगळे वळण लागले. जपानी संशोधक योशिहिरो सातो यांनी कंपवाताच्या रुग्णांवरील अस्थिउपचारांचे अनेक निबंध प्रसिद्ध केले होते. कंपवातग्रस्त वृद्ध पुरुषांमध्ये रिसेड्रोनेट व ‘ड’ जीवनसत्त्वाने खुब्याचे अस्थिभंग टळतात, असे प्रतिपादन करणारा त्यांचा निबंध २००७ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. तो २०१६ मध्ये मागे घेण्यात आला. त्याच वर्षी मार्क बोलँड व सहकाऱ्यांनी सातो यांच्या ३३ चाचण्यांचे सांख्यिकीय परीक्षण प्रसिद्ध करून त्यांच्या विश्वसनीयतेविषयी गंभीर प्रश्न उपस्थित केले. पुढे इतरही अनेक निबंध मागे घेतले गेले.

येथे एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. या निबंधांच्या माघारीमुळे कंपवातातील अस्थिक्षय खोटा ठरत नाही, कारण तो स्वतंत्र निरीक्षणांवर आधारलेला आहे. निराधार झाला तो विशिष्ट उपचारांच्या यशाचा पुरावा. हा पुरावा नव्याने मिळवण्यासाठी ‘टोपाझ’ ही अमेरिकन चाचणी २०१९ मध्ये नोंदवली गेली. साठ वर्षांवरील स्त्री-पुरुष रुग्णांना त्यांच्या घरीच झोलेड्रॉनिक आम्ल शिरेवाटे देऊन अस्थिभंग कमी होतात काय, हे तपासणे हा तिचा हेतू होता.

निष्कर्ष

ज्ञानशाखांच्या विभागणीत रुग्णाचे शरीरही विभागले जाते, हे या इतिहासातून दिसते. मज्जातज्ज्ञाने मेंदू पाहिला, अस्थितज्ज्ञाने रजोनिवृत्त स्त्री पाहिली. कंपवाताने पडणारा वृद्ध पुरुष दोघांच्याही नजरेतून निसटला. आणि दृष्टी लाभल्यावरही प्रसिद्ध झालेला प्रत्येक निष्कर्ष पारखून घ्यावा लागतो. कारण त्या निष्कर्षाची चूक अखेरीस रुग्णालाच भोगावी लागते.